आल्बर्टा मद्य नियंत्रण मंडळ : विसर्जन आणि कार्यांचे फेरवाटप

कॅनडातील आल्बर्टा प्रांतात १९२४ पासून मद्याची आयात, साठवण, ठोक विक्री, बहुतांश किरकोळ विक्री आणि परवाने देण्याचे काम एकाच सरकारी मंडळाकडे होते. १९९३-९४ मध्ये प्रांतिक सरकारने या मंडळाची दुकाने बंद केली आणि १९९६ मध्ये मंडळाचे स्वतंत्र अस्तित्वही संपवले. किरकोळ व्यापारातून सरकार पूर्णपणे बाहेर पडले, असा कॅनडातील हा पहिला प्रांत. ‘खासगीकरण’ या एका शब्दात या घटनेची बोळवण केली जाते. प्रत्यक्षात मंडळाच्या कामांपैकी काही विकली गेली, काही कंत्राटाने दिली गेली आणि काही सरकारने हातची सोडलीच नाहीत.

पार्श्वभूमी : १९१५ च्या सार्वमतानुसार आल्बर्टात १ जुलै १९१६ पासून दारूबंदी लागू झाली. चोरटी विक्री आणि बुडणारा महसूल यांमुळे १९२३ मध्ये पुन्हा सार्वमत घेण्यात आले आणि मे १९२४ मध्ये बंदी उठली. दारू मिळावी, पण सरकारच्या नजरेखालीच मिळावी, अशी त्यामागची तडजोड होती. मंडळाच्या दुकानांचे रूपही तसेच होते : ग्राहकाकडे खरेदीचा वैयक्तिक परवाना असावा लागे, हवी ती बाटली चिठ्ठीवर लिहून द्यावी लागे आणि कर्मचारी ती आतून आणून देई. हा कडकपणा पुढे ओसरला, स्व-सेवा दुकाने आली आणि १९८० च्या दशकात थोड्या खासगी वाइन-दुकानांनाही परवानगी मिळाली. मात्र स्पिरिट वर्गातील (व्हिस्की, रम यांसारख्या ऊर्ध्वपातित) मद्याच्या विक्रीचा मोठा भाग मंडळाकडेच राहिला.

निर्णय आणि अंमलबजावणी : रॅल्फ क्लाइन डिसेंबर १९९२ मध्ये प्रांताचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) झाले आणि जून १९९३ च्या निवडणुकीत तूट व कर्ज कमी करण्याचे आश्वासन देऊन त्यांनी बहुमत मिळवले. मंडळाची जबाबदारी असलेले मंत्री स्टीव्ह वेस्ट यांनी २ सप्टेंबर १९९३ रोजी दुकाने बंद करण्याची घोषणा केली. वाहननोंदणीची कार्यालये खासगी एजंटांकडे सोपवण्याचे काम याच काळातले आणि याच मंत्र्यांच्या अखत्यारीतले. सरकारी दुकाने तेव्हा दोनशेहून थोडी अधिक होती. त्यांतील शेवटचे दुकान ५ मार्च १९९४ रोजी, म्हणजे घोषणेनंतर जेमतेम सहा महिन्यांत बंद झाले. मंडळाच्या मालकीच्या इमारती विक्रीस काढण्यात आल्या, भाड्याच्या जागांचे करार मोडण्यात आले आणि शिल्लक साठा निकाली काढण्यात आला. दुकानांची साखळी एखाद्या मोठ्या कंपनीला सलग विकलेली नाही, ही गोष्ट महत्त्वाची. अटी पूर्ण करणाऱ्या कोणालाही परवाना मिळेल, परंतु किराणा सुपरमार्केटच्या आत दारू विकता येणार नाही, असे धोरण ठेवल्यामुळे सुरुवातीला लहान व्यावसायिकांना वाव मिळाला. सुपरमार्केट साखळ्यांनी पुढे स्वतंत्र प्रवेशद्वाराची शेजारची दुकाने उघडून त्यावर वाट काढली.

कार्यांचे फेरवाटप : कोणतेही सरकारी मद्यमंडळ गुंडाळताना दुकाने विकणे हा सोपा भाग असतो, बाटली कायद्याने कोणाची आणि कर कोठे वसूल करायचा, ही खरी अडचण. कॅनडाच्या १९२८ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्रांतात येणारे मद्य प्रांतिक सरकारच्या किंवा त्याच्या अधिकृत संस्थेच्या नावानेच आयात व्हावे लागे. त्यामुळे आल्बर्टाने ठरवले असते तरी मंडळ पुरते पुसून टाकणे शक्य नव्हते. यातून निघालेली व्यवस्था काहीशी चमत्कारिक दिसते. कागदोपत्री आयातदार आणि ठोक विक्रेता सरकारी संस्थाच राहिली, पण एडमंटनजवळच्या सेंट आल्बर्ट येथील मध्यवर्ती गोदाम चालवण्याचे आणि माल पोहोचवण्याचे काम १९९४ पासून कनेक्ट लॉजिस्टिक्स या खासगी कंपनीकडे गेले. मोठ्या बिअर उत्पादकांनी आपले वितरण स्वतःच्या यंत्रणेमार्फत चालू ठेवले. गोदामातील माल उत्पादकाच्या किंवा त्याच्या एजंटाच्या मालकीचा असतो. दुकानदाराची मागणी नोंदली गेली, की तो सरकारी संस्थेकडे येतो आणि तिच्याकडून लगेच दुकानदाराकडे जातो. या क्षणभराच्या मालकीतच सरकार आपला आकार, म्हणजे मद्यावरील कराजोगी रक्कम, वसूल करते. माल निवडणे, तो पडून राहण्याचा धोका पत्करणे आणि विक्रीची किंमत ठरवणे या व्यापाऱ्याच्या चिंता सरकारने झटकल्या. दुकान मोडले, गल्ला मात्र राखला.

आकारणीची पद्धतही बदलली. पूर्वी हा आकार किमतीच्या टक्केवारीने घेतला जाई. खासगीकरणानंतर तो मद्याच्या प्रकारानुसार दर लिटरमागे ठरावीक रकमेने घेतला जाऊ लागला. महसूल पूर्वीइतकाच राहावा, असे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात तो अपेक्षेपेक्षा जास्त जमू लागल्याने पहिल्या काही वर्षांत दर अनेकदा उतरवावे लागले. या पद्धतीचा एक परिणाम चर्चेत कमी येतो : लिटरमागे ठरावीक रक्कम घेतल्यास स्वस्त बाटलीवरील भार तुलनेने वाढतो आणि महागड्या बाटलीवरील घटतो. शिवाय किमती वाढल्या तरी महसूल आपोआप वाढत नाही, त्यासाठी सरकारला दर जाहीरपणे वाढवावा लागतो. ठोक किंमत सर्व दुकानदारांना सारखीच ठेवण्यात आली, त्यामुळे मोठ्या साखळीला घाऊक खरेदीची सूट मिळत नाही. किरकोळ किंमत मात्र ज्याची त्याने ठरवायची.

परवाने व तपासणी हे काम सरकारकडेच राहिले. १९९६ मध्ये मद्य मंडळ आणि जुगार व लॉटरी यांच्या प्रांतिक संस्था एकत्र करून आल्बर्टा जुगार व मद्य आयोग स्थापन झाला. भांग २०१८ मध्ये कायदेशीर झाल्यावर तिचा समावेश आयोगाच्या नावात आणि कामात झाला. तेव्हाही ठोक विक्री आयोगाकडे आणि दुकाने खासगी, हाच साचा वापरण्यात आला.

परिणाम आणि वाद : किंमत सर्वात आधी कर्मचाऱ्यांनी मोजली. हजाराहून अधिक जणांच्या, बहुतांशी कामगार संघटनेच्या सदस्यांच्या नोकऱ्या गेल्या. नव्या दुकानांत कामे निर्माण झाली, पण तेथील वेतन बरेच कमी होते आणि कामगार संघटना जवळजवळ नव्हत्याच. ग्राहकाच्या बाजूने पाहता दुकानांची संख्या काही वर्षांतच दुपटीच्या पुढे गेली, विक्रीचे तास वाढले आणि उपलब्ध प्रकारांची संख्या कित्येक पटींनी वाढली. अर्थात ही विविधता प्रांतभर मिळून आहे, प्रत्येक गावातील दुकानात नाही. किमती वाढल्या की घटल्या, यावर समर्थक व विरोधक दोघेही आकडे मांडतात आणि उत्तर कोणती बाटली मोजली यावर बरेचसे ठरते. मद्यपानावरील परिणामाचा निवाडा तर अधिकच अवघड, कारण तरुण लोकसंख्या आणि तेल-उद्योगातील चढउतार यांचा प्रभाव त्यातून वेगळा काढता येत नाही.

इतर उदाहरणे : महाराष्ट्रात राज्य उत्पादन शुल्क विभाग परवाने देतो व शुल्क वसूल करतो, तर ठोक आणि किरकोळ व्यापार खासगी परवानाधारकांकडे असतो, त्यामुळे असे विसर्जन येथे करावे लागलेले नाही. तमिळनाडूने उलट वाट धरली : १९८३ मध्ये स्थापन झालेल्या टास्मॅक या सरकारी महामंडळाकडे २००३ मध्ये किरकोळ विक्रीची मक्तेदारीही देण्यात आली. दिल्लीत नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारी महामंडळांची दुकाने बंद करून विक्री खासगी हाती दिली गेली, पण सप्टेंबर २०२२ पासून ती चार सरकारी महामंडळांकडे परत आली. आल्बर्टाच्या शेजारच्या सॅस्कॅचेवान प्रांताने उरलेल्या सरकारी दुकानांचे परवाने लिलावात काढून २०२३ मध्ये किरकोळ विक्री सोडली. तेथील मद्य प्राधिकरणाने नियमनाबरोबर ठोक वितरणही स्वतःकडेच ठेवले आहे.