भर पावसाळ्यात चालणारा कूलर

मे महिन्यात गार झुळूक देणारा कूलर जुलै लागला की नुसती चिकट हवा फेकतो, हे इंदुरातल्या कुठल्याही घरात विचारा. हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, मग कूलरच्या गवतातलं पाणी उडणार कसं?

त्याच दमट दिवसांत छोट्या विमानाच्या कार्बोरेटरमधला, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला पुरवणाऱ्या भागातला, ‘कूलर’ मात्र जोरात चालतो. तिथे पाणी उडत नाही, पेट्रोल उडतं, आणि पेट्रोलची वाफ व्हायला हवेतल्या बाष्पाची आडकाठी नसते. सुई टोचण्याआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला की जागा कशी थंडगार पडते, तसंच हे. त्यात कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना तिचा दाब उतरतो, ती आणखी गार होते. दोन्ही मिळून तापमान ३० अंश सेल्सिअसहूनही जास्त घसरू शकतं. मग हवेतलं बाष्प थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाकडे जाणारा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या, झडपेभोवती बर्फ होऊन चिकटतं. २१ अंशांखालचं तापमान आणि ८० टक्क्यांवरची आर्द्रता यांत धोका सर्वाधिक, पण बाहेर ३८ अंश असतानाही असा बर्फ धरू शकतो. म्हणून ‘बर्फ म्हणजे हिमालयातली गोष्ट’ हा समज वैमानिकाला महागात पडतो.

ओळखायचं कसं? थ्रॉटलला हात लावलेला नसताना आरपीएमचा (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा हळूच उतरू लागतो. चोरपावलांनी. पुढे इंजिन खडखडतं. ज्या विमानांत पंख्याचा वेग आपोआप स्थिर राखला जातो, तिथे आरपीएम हलत नाही. मॅनिफोल्ड प्रेशरचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचा, काटा खाली येतो.

उपाय एका दांड्यात आहे: कार्ब हीट. ती पूर्ण ओढली की एक्झॉस्टच्या नळीभोवती तापलेली हवा कार्बोरेटरमध्ये शिरते. आता नीट ऐका, कारण जीव इथेच वाचतो किंवा जातो. गरम हवा विरळ असल्याने आरपीएम आधी आणखी पडतो. मग वितळलेलं पाणी इंजिनात जातं आणि ते आधीपेक्षा जास्त खोकतं. नवशिक्याला वाटतं, आपण बिघडवलं, आणि तो दांडा परत आत ढकलतो. तसं अजिबात करू नये. ते खोकणं म्हणजे बर्फ सुटतोय. थोडा दम धरला की काटा वर चढतो.

ही ऊब इंजिनाच्याच धगीतून येते. इंजिन बंद पडलं की एक्झॉस्ट निवतो आणि दांडा ओढून काही हाती लागत नाही. म्हणून ज्या विमानांच्या माहितीपुस्तिकेत तसं सांगितलं आहे, त्यांत उतरताना थ्रॉटल कमी करण्याआधीच कार्ब हीट ओढतात. झडप मिटत आली की फट बारीक होते, आणि थोडासा बर्फही ती बुजवायला पुरतो.

इंजिन बंद पडून विमान शेतात उतरवावं लागलं, तर मेकॅनिक कार्बोरेटर उघडेपर्यंत आत कोरडं ठणठणीत असतं. बर्फ केव्हाच वितळून गेलेला असतो.