स्मिथ, डीन एडवर्ड्स

(२८ फेब्रुवारी १९३१ – ७ फेब्रुवारी २०१५). अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचे कोच. चॅपल हिल इथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या पुरुष टीमचे ते १९६१ ते १९९७ असे सलग ३६ सीझन हेड कोच होते. ८७९ मॅच जिंकल्या, २५४ हरल्या, ११ वेळा टीम राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारात नेली आणि १९८२ आणि १९९३ ला विजेतेपद मिळवलं.

जन्म कॅन्सस राज्यातल्या एम्पोरियाचा. आईवडील दोघंही शिक्षक, आणि वडील आल्फ्रेड स्मिथ हायस्कूलच्या टीमचे कोच. १९३४ साली राज्य विजेत्या ठरलेल्या वडिलांच्या टीममध्ये पॉल टेरी नावाचा कृष्णवर्णीय मुलगा होता. त्या काळात ही मोठी गोष्ट होती, पण प्रत्यक्ष राज्य स्पर्धेत त्याला उतरू दिलं का यावर दोन वेगळ्या हकिगती आहेत, आणि उतरू दिलं नाही ही जास्त पटण्यासारखी वाटते. कॉलेज कॅन्सस विद्यापीठात, कोच फॉग ॲलन यांच्याकडे. १९५२ च्या विजेत्या टीममध्ये स्मिथ होते, पण बहुतेक वेळ बेंचवरच. पुढे एअर फोर्स अकॅडमीत बॉब स्पिअर यांचे असिस्टंट, १९५८ पासून चॅपल हिलला फ्रँक मॅग्वायर यांचे असिस्टंट. नियमभंगामुळे कॉलेजवर कारवाई झाली, मॅग्वायर गेले आणि तिशीतल्या स्मिथकडे टीम आली. पहिल्याच सीझनला ८ विजय, ९ पराभव. पराभव जास्त असलेला हा त्यांचा एकमेव सीझन.

जानेवारी १९६५ मध्ये वेक फॉरेस्टकडून हरून टीमची बस कॅम्पसवर परत आली तेव्हा विद्यार्थ्यांनी स्मिथचा पुतळा झाडाला फासावर लटकवलेला होता. बिली कनिंगहॅम हा स्टार खेळाडू बसमधून उतरला आणि त्याने तो ओढून खाली पाडला.

फोर कॉर्नर्स. स्मिथचं नाव ज्या डावपेचाला कायमचं चिकटलं तो हा. अर्ध्या कोर्टच्या चार कोपऱ्यांत चार खेळाडू उभे राहतात आणि मधल्या मोकळ्या जागेत एक चपळ गार्ड बॉल ड्रिबल करत फिरतो. त्याला अडवायला कोपऱ्यातला डिफेंडर धावून आला की त्या कोपऱ्यातला खेळाडू मोकळा सुटतो आणि पास घेऊन सरळ बास्केटखाली जातो, आणि कोणीच आलं नाही तर गार्ड एकटाच घुसतो किंवा नुसता बॉल हातात ठेवून घड्याळ पळू देतो. तेव्हा कॉलेज बास्केटबॉलमध्ये शॉट क्लॉक नव्हतं, म्हणजे किती वेळात शॉट मारायचा याला बंधनच नव्हतं. आपल्याकडे कबड्डीत पुढे असलेली टीम रिकाम्या चढाया करून वेळ काढते, म्हणून प्रो कबड्डीत दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी 'डू ऑर डाय' केली, तोच हा प्रश्न समजा.

याचा उगम कुठला यावर एकमत नाही. स्मिथने सांगितलेली गोष्ट अशी की १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सरावात हे जवळजवळ अपघातानेच सापडलं. दुसरं मत जॉन मॅक्लेंडन यांना श्रेय देतं. मॅक्लेंडन हे शेजारच्याच डरहॅममधल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजचे १९४० च्या दशकातले कोच, आणि त्यांची 'टू इन द कॉर्नर' नावाची रचना दोन खेळाडू कोपऱ्यात ठेवून मधली जागा मोकळी करायची. विशेष म्हणजे मॅक्लेंडनही कॅन्सस विद्यापीठाचेच, बास्केटबॉलचा शोध लावणाऱ्या खुद्द नेस्मिथ यांच्या हाताखाली शिकलेले, फक्त त्यांना कातडीच्या रंगामुळे तिथल्या टीममध्ये खेळता आलं नव्हतं. स्मिथने हे थेट उचललं असा पुरावा नाही, पण कल्पना मूळ मॅक्लेंडनची आणि तिला चार कोपऱ्यांचं पूर्ण रूप देऊन हत्यार केलं ते स्मिथने, असं मानणं जास्त रास्त वाटतं. दोन गावं इतकी जवळ असूनही वर्णभेदामुळे दोन कॉलेजं एकमेकांशी खेळू शकत नव्हती, त्यामुळे मॅक्लेंडनचं नाव बरीच वर्षं मागेच राहिलं, हे इथे नोंदवायला हवं.

हे हत्यार उलटायचंही. १९६६ च्या कॉन्फरन्स (म्हणजे आसपासच्या विद्यापीठांचा गट) सेमीफायनलमध्ये याच पद्धतीने खेळून ड्यूककडून २१–२० ने हार झाली. १९७७ च्या राष्ट्रीय फायनलमध्ये मार्केट विद्यापीठाविरुद्ध हाफ टाइमला १२ पॉइंट मागे असलेली टीम ४५–४५ अशी बरोबरीत आली, स्मिथने लगेच फोर कॉर्नर्स लावलं, माइक ओ'कोरेन आत जायला स्कोअररच्या टेबलापाशी बसून राहिला कारण खेळ थांबतच नव्हता, आणि त्या संथपणात लय गेली ती गेलीच, ६७–५९ ने हरले. फेब्रुवारी १९७९ मध्ये ड्यूकविरुद्ध हाफ टाइमचा स्कोअर होता ७–०, ड्यूकच्या बाजूने! दुसरा हाफ ४०–४० बरोबरीत सुटला म्हणजे ४७–४० ने हार, ती सात पॉइंटांचीच. मात्र १९७४ ते १९७८ मध्ये फिल फोर्ड हा गार्ड असताना हे बघण्यासारखं असायचं, तो हवेत चार बोटं वर करायचा आणि समोरच्या टीमला कळायचं की आता पुढे येणं अवघड आहे.

मार्च १९८२ च्या कॉन्फरन्स फायनलमध्ये व्हर्जिनियाच्या ७ फूट ४ इंच राल्फ सॅम्पसनला बास्केटपासून लांब ओढण्यासाठी स्मिथच्या टीमने एका पॉइंटची आघाडी घेऊन सुमारे सात मिनिटं बॉल नुसता फिरवला. ४७–४५ ने जिंकले, पण देशभर टीव्हीवर लोकांनी हे पाहिलं आणि फार ओरड झाली. लगेच पुढच्या सीझनला कॉन्फरन्सने ३० सेकंदांचं क्लॉक प्रयोग म्हणून लावलं, १९८५–८६ पासून देशभर ४५ सेकंदांचं आलं, ते १९९३–९४ ला ३५ आणि २०१५–१६ ला ३० सेकंदांवर आलं. नियम बदलायला एकटे स्मिथच कारण होते असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, वेळ काढणारे कोच इतरही होते, पण शेवटचा धक्का त्या मॅचचा हे बहुतेक जण मान्य करतात.

यावरून त्यांना 'संथ खेळाचा कोच' म्हणायची पद्धत पडली ती मात्र बरोबर नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ३० सेकंदांच्या आंतरराष्ट्रीय नियमाखाली त्यांच्याच कोचिंगमध्ये अमेरिकेने सुवर्णपदक जिंकलं, आणि ११ पैकी चार वेळा (१९९१, १९९३, १९९५, १९९७) शेवटच्या चारात पोचले ते क्लॉक आल्यानंतर. खरी गोष्ट अशी की स्मिथ मिनिटं मोजतच नव्हते, ताबे मोजत होते (बॉल आपल्याकडे आला की तो जाईपर्यंत एक ताबा). प्रत्येक ताब्यामागे किती पॉइंट मिळाले हा हिशोब ते एअर फोर्सच्या दिवसांपासून ठेवायचे, म्हणजे आज सगळे ज्याला ॲनालिटिक्स म्हणतात त्याच्या कितीतरी आधी. फरक एवढाच की आज आपला शॉट चुकला आणि उसळून आलेला बॉल (रिबाउंड) आपल्यालाच मिळाला तर तोच ताबा चालू धरतात, स्मिथच्या हिशोबात तिथे नवा ताबा सुरू व्हायचा, म्हणून त्यांचे आकडे आजच्या आकड्यांशी सरळ ताडून बघता येत नाहीत.

सरावातल्या त्यांच्या सवयी आता जगभर दिसतात. बास्केट केल्यावर पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं. दमलात तर मूठ वर करायची, कोच बाहेर घेतील, आणि अशा खेळाडूने परत कधी जायचं ते त्याने स्वतः ठरवायचं. कोचने काढलं असेल तर मात्र कोच पाठवतील तेव्हाच. मायकल जॉर्डन, जेम्स वर्दी, सॅम पर्किन्स अशी मंडळी याच शिस्तीत तयार झाली. १९८२ च्या फायनलमध्ये जॉर्जटाउनला ६३–६२ ने हरवणारा शॉट पहिल्या वर्षाच्या जॉर्डनचा.

वर्णभेदाबाबत त्यांनी काय केलं हे पुरस्कारांपेक्षा महत्त्वाचं. चॅपल हिलमध्ये 'द पाइन्स' नावाचं रेस्टॉरंट होतं जिथे टीम मॅचआधी जेवायची आणि कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. आपले पाद्री आणि एक कृष्णवर्णीय विद्यार्थी यांच्यासोबत स्मिथ तिथे जाऊन बसले आणि तिघांनाही जेवण मिळालं. हे १९५८–५९ च्या सुमाराचं की १९६४ चं यावर मतभेद आहेत. ते असिस्टंट असतानाचं असावं, कारण जवळच्या लोकांच्या आठवणीत नोकरी धोक्यात घालण्याचा मुद्दा सारखा येतो. १९६६ मध्ये त्यांनी चार्ली स्कॉटला आणलं, तो या विद्यापीठात स्कॉलरशिपवर आलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

मार्च १९९७ मध्ये विन्स्टन-सेलम इथे कोलोराडोला हरवून त्यांनी ॲडॉल्फ रप यांचा ८७६ विजयांचा विक्रम मागे टाकला, आणि त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला निवृत्ती जाहीर केली. टीम इतकी वर्षं सोबत असलेले असिस्टंट बिल गथ्रिज यांच्याकडे गेली. ८७९ चा आकडा २००७ च्या पहिल्या दिवशी बॉब नाइट यांनी ओलांडला. शेवटची काही वर्षं स्मृतिभ्रंशाच्या आजारात गेली. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी दिलेलं स्वातंत्र्यपदक त्यांच्या वतीने पत्नी लिनिया यांनी घेतलं. मृत्यूनंतर सुमारे १८० माजी खेळाडूंच्या घरी प्रत्येकी २०० डॉलरचा चेक पोचला, मृत्युपत्रातच तशी तरतूद होती, आणि सोबतच्या निरोपात कोच स्मिथतर्फे बाहेर जेवायला जा असं लिहिलेलं होतं.