पार्श्वभूमी : स्टीमवरचे कॅप्सूल आणि त्यावरचा मजकूर

स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेमच्या नावाने जी आयताकृती चित्रे दिसतात त्यांना 'कॅप्सूल' म्हणतात. १ सप्टेंबर २०२२ पासून त्यांवर तीनच गोष्टी चालतात : गेमचे चित्र, गेमचे नाव आणि अधिकृत उपशीर्षक असलेच तर ते. पुरस्कारांची नावे, समीक्षकांचे गुण, सवलतीची जाहिरात, दुसऱ्या एखाद्या उत्पादनाचा उल्लेख हे सगळे त्या दिवशी बाद झाले. इंडी डेव्हलपर, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतंत्रपणे गेम करणारा, आज चित्रकाराकडे जे काम घेऊन जातो त्याचा बराचसा साचा या एका नियमाने घडवला आहे, म्हणून तो कुठून आला हे पाहायला हवे.

जुना इतिहास थोडक्यात. गेम यंत्रात खोचायच्या कार्ट्रिजमधून विकले जात त्या काळात पडद्यावर चार चौकोन हलायचे आणि खोक्यावर मात्र रंगवलेली घनघोर लढाई असायची. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. त्यानंतर १९८५ मध्ये तिथे उतरलेल्या जपानी कंपनीने सुरुवातीच्या खोक्यांवर गेममधलीच पिक्सेल-चित्रे मोठी करून छापली. आत आहे तेच बाहेर दाखवायचे, हा पोळलेल्या ग्राहकाला दिलेला दिलासा होता. एकट्यादुकट्याने गेम करणाऱ्यांकडे खोकेच नव्हते. १९७९ मध्ये टेक्ससमधल्या एका शाळकरी मुलाने आपला गेम झिपलॉक पिशवीत घालून स्थानिक संगणक-दुकानात ठेवला. पिशवीतले मुखपृष्ठ त्याच्या आईने काढले होते आणि त्याच्या झेरॉक्स काढल्या होत्या. इंडी कव्हरची वंशावळ शोधायचीच असेल तर ती या पिशवीपाशी जाते, चकचकीत खोक्यांपाशी नाही.

स्टीम २००३ मध्ये सुरू झाले आणि २००५ मध्ये तिथे बाहेरच्यांचे गेम येऊ लागले. तेव्हा दुकानात माल इतका कमी होता की कॅप्सूल कसेही असले तरी नजरेला पडायचेच. २०१२ मध्ये ग्रीनलाइट आले. कोणता गेम दुकानात घ्यायचा यावर खेळाडूच मत देऊ लागले, आणि चित्रावर मते मागण्याची पद्धत रूढ झाली. तिथली चौकोनी प्रतिमा जीआयएफ म्हणजे हलते चित्रही असू शकत होती, त्यामुळे ग्रीनलाइटचे पान उघडले की सगळे एकाच वेळी लुकलुकायचे. जून २०१७ मध्ये ती व्यवस्था बंद झाली. तेव्हापासून एका गेममागे शंभर डॉलर भरले की दार उघडते. २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून अधिक गेम स्टीमवर आले. गर्दीचा हा आकडा बाजूला ठेवला तर पुढचा वाद समजणार नाही.

या गर्दीत कॅप्सूलला मिळणारी जागा किती, तर २०२४ पर्यंत हेडर, म्हणजे गेमच्या पानावर वर दिसणारे कॅप्सूल, ४६० × २१५ पिक्सेलचे होते आणि याद्यांमधले छोटे २३१ × ८७ चे. त्या छोट्यातून दुकान आपोआप आणखी दोन लहान प्रती काढते. सर्वांत लहान १२० × ४५ ची. एवढ्यात नाव वाचता आले पाहिजे. तरीही २०२२ च्या आधीची कॅप्सूल आठवून पाहा : कोपऱ्यात महोत्सवांची लॉरेल-पाने (निवड किंवा पुरस्काराची खूण असलेली पानांची महिरप), त्यांखाली '९/१०', वर तिरकी पट्टी 'मोठे अपडेट आले', सेल असेल तर '८० टक्के सूट'. सूट तर दुकान स्वतःच किमतीशेजारी हिरव्या चौकटीत दाखवते, तरी ती चित्रावरही हवीच. लग्नाच्या मांडवाबाहेर लावलेल्या फ्लेक्सवर वरवधूपेक्षा शुभेच्छुकांचे चेहरे मोठे असावेत, तसे गेमचे नाव या सगळ्यात आक्रसून गेले होते.

ऑगस्ट २०२२ मध्ये स्टीमच्या कंपनीने नियमाची घोषणा केली तेव्हा कारणे साधारण अशी दिली : काय लिहायचे याची सीमा स्पष्ट नव्हती, चित्रे गजबजली होती, काही ठिकाणी मिरवलेले गुण आता खरे राहिले नव्हते, आणि हा बहुतेक मजकूर फक्त इंग्रजीत असल्याने इंग्रजी न वाचणारा मोठा ग्राहकवर्ग बाजूला पडत होता. न पाळणाऱ्याला शिक्षा दृश्यतेची होती. दुकानात गेम कमी दिसेल आणि अधिकृत सेल-महोत्सवांतून वगळलाही जाईल.

विरोध झाला तो मुख्यतः पुरस्कारांवरून. मोठ्या प्रकाशकाचे नाव ग्राहकाला आधीच ठाऊक असते. दोन माणसांच्या स्टुडिओकडे दाखवायला महोत्सवातली निवड एवढे एकच प्रशस्तिपत्र असते. तेही चित्रावरून काढले तर अनोळखी गेमवर कोणी का थांबावे? याला उत्तर असे दिले जाते की पुरस्कार गेमच्या पानावर लिहिता येतातच. ते पुरेसे नाही. पानावर येईपर्यंत ग्राहकाने क्लिक केलेले असते आणि प्रश्न त्या क्लिकचाच आहे. याद्यांमध्ये पुरस्कारांसाठी दुकानाने स्वतःची वेगळी जागा द्यायला हवी होती. ती दिली नाही, आणि नियमाची खरी उणीव तीच आहे.

पण लॉरेलची किंमत तोवर किती उरली होती? शुल्क भरून प्रवेश मिळणाऱ्या स्पर्धेत 'निवड' झाल्याची पानेही तशीच दिसतात आणि वर्षानुवर्षे नावाजलेल्या महोत्सवाची पानेही तशीच. १२० पिक्सेलमध्ये तर दोन्ही फक्त पांढरे ठिपके. भाषेचा मुद्दा मात्र वादातीत आहे आणि विरोधकांनी तो सोयीने टाळला. अपडेटची बातमी चित्रावर सांगायला नियमात वाट ठेवली आहे. त्यासाठीचे तात्पुरते चित्र फार तर महिनाभर लावता येते आणि त्यावरचा मजकूर गेमच्या भाषांमध्येही द्यावा लागतो. आपल्याकडे याचा अर्थ गमतीचा निघतो. गेमच्या भाषांच्या यादीत मराठी निवडता येते, पण दुकान स्वतः मराठीत दिसत नाही, त्यामुळे मराठी कॅप्सूल केले तरी ते लावायला खुंटीच नाही.

नियमाने पट्ट्या गेल्या आणि सगळा भार दोन गोष्टींवर आला : नावाची अक्षरे आणि एक ठळक आकृती. लोगो ही वेगळी, महागडी कामगिरी झाली. लांब नावाच्या गेमची पंचाईत झाली, कारण छोटे कॅप्सूल जवळजवळ पूर्ण नावानेच भरा असा दुकानाचाच सल्ला आहे. प्रकार ओळखू यावा म्हणून संकेतही पक्के झाले. शेतीचा गेम असेल तर ऊबदार फिके रंग, पत्त्यांचा असेल तर हातात पसरलेला पंखा. आणि पिक्सेल-गेमच्या कॅप्सूलवर पुन्हा रंगवलेले चित्र आले. आत एक आणि बाहेर एक ही चाळीस वर्षांपूर्वीची तक्रार त्यामुळे परत ऐकू येते. फरक एवढाच, की आता माऊस नेला की शेजारी खरे स्क्रीनशॉट उघडतात.

आकारांची कटकट या वादाच्या आधीपासूनची. ऑक्टोबर २०१९ मध्ये स्टीमची नवी लायब्ररी, म्हणजे घेतलेले गेम दिसतात ते कपाट, आली आणि ६०० × ९०० चे उभे चित्र लागू लागले. ज्यांनी ते दिले नाही त्यांच्या जागी आडवे चित्र धूसर पार्श्वभूमीवर चिकटवलेले दिसे. ते पाहवेना म्हणून खेळाडूंनीच उभी चित्रे बनवून वाटली. पुण्यातल्या स्टुडिओचा 'राजी' हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेंडोच्या स्विच या खेळयंत्रावर आणि ऑक्टोबरमध्ये स्टीमवर आला. स्विचवर आयकॉन चौरस, स्टीमवर आडवे नि उभे दोन्ही. म्हणजे एकाच चित्राला तीन वेगळ्या कात्र्या लावायच्या, आणि पात्राचा चेहरा तिन्हींत कापला जाता कामा नये. म्हणूनच जाणते चित्रकार पात्र, पार्श्वभूमी आणि अक्षरे वेगवेगळ्या थरांत मागतात व देतात. इच.आयओ या इंडी गेमच्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात यातले काहीच नाही. तिथे ६३० × ५०० चे एक चित्र चढवले की झाले, त्यावर काय लिहिले आहे हे कोणी तपासत नाही.

जानेवारी २०२४ पासून खेळाडूपर्यंत पोहोचणारी चित्रे, आवाज किंवा मजकूर एआयने तयार केला असेल तर ते स्टीमला सांगावे लागते आणि गेमच्या पानावर तशी नोंद दिसते. जुलै २०२४ पासून डेमोला स्वतःचे पान घेता येते. ते घेतले तर त्यालाही वेगळे कॅप्सूल लागते, म्हणजे खर्चात आणखी एक ओळ. त्याच वर्षी मापे दुप्पट झाली : हेडर ९२० × ४३०, छोटे ४६२ × १७४. मजकुराचा नियम होता तसाच आहे.