रंक्स-२ दिसला, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट तयार झाले का?

आमच्याकडून पेशीसंवर्धनाची माध्यमे आणि प्रतिपिंडे घेणारे संशोधक हा प्रश्न वारंवार विचारतात. रंक्स-२ हे पेशीला हाडाच्या दिशेने नेणारे प्रथिन आहे आणि ऑस्टिओब्लास्ट म्हणजे हाड घडवणारी पेशी. आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि त्यामागचे कारण समजून घेतल्यास प्रयोगाची आखणीच बदलते.

मेसेन्कायमल मूलपेशीपासून कूर्चापेशी, मेदपेशी किंवा हाड घडवणारा ऑस्टिओब्लास्ट यांपैकी काहीही घडू शकते. ही दिशा ठरवण्यात डीएनएच्या ठरावीक क्रमांवर बसून जनुकांचे वाचन वाढवणाऱ्या किंवा रोखणाऱ्या प्रथिनांचा, म्हणजे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरांचा, मोठा वाटा असतो. सॉक्स-९ कूर्चेकडे, पीपीएआर-गॅमा मेदाकडे आणि रंक्स-२ अस्थीकडे नेतो. रंक्स-२ जनुकाच्या दोन्ही प्रती नसलेल्या उंदरांचा सांगाडा कूर्चेचाच राहतो, त्यात हाड तयारच होत नाही आणि पिल्ले जन्मताच श्वासाअभावी मरतात, हे १९९७ मध्ये स्पष्ट झाले. माणसात एकच प्रत निकामी असली तरी गळ्याखालची आडवी हाडे (कॉलरबोन) अपुरी राहतात आणि डोक्यावरची टाळू उशिरा भरते.

मात्र २००२ मध्ये ऑस्टेरिक्स या आणखी एका ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचा शोध लागला, तेव्हा या घटकाविना वाढलेल्या उंदरांत रंक्स-२ उपस्थित असूनही हाड घडले नसल्याचे दिसले. म्हणजे रंक्स-२ पेशीला वाटेला लावतो, पण पुढचा टप्पा ऑस्टेरिक्सशिवाय ओलांडता येत नाही. शिवाय रंक्स-२ फुगलेल्या कूर्चापेशींतही आढळतो, आणि ऑस्टिओब्लास्टमध्ये त्याचे प्रमाण शेवटपर्यंत चढेच ठेवले तर पेशींची परिपक्वता अडते, त्यामुळे केवळ वाढता आकडा पाहून समाधान मानू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

म्हणून नमुने एकाच दिवशी न घेता टप्प्याटप्प्याने घ्यावेत आणि रंक्स-२ व ऑस्टेरिक्ससोबत आधी अल्कलाइन फॉस्फटेज (सुरुवातीच्या टप्प्याची खूण) व नंतर ऑस्टिओकॅल्सिन (परिपक्व पेशीची खूण) तपासावे. रंक्स-२ची कार्यक्षमता फॉस्फेट गट जोडले जाण्यावरही अवलंबून असल्यामुळे केवळ जनुकाचे वाचन दाखवणाऱ्या आरएनएचे मापन अपुरे पडते.

अखेरीस खनिज साचले का हे पाहण्यासाठी वापरलेला अ‍ॅलिझरिन रेडचा रंग कॅल्शियमला धरतो खरा, परंतु माध्यमात फॉस्फेट पुरवणारे बीटा-ग्लिसरोफॉस्फेट जास्त झाल्यास खनिज पेशींच्या कामाविनाही साचू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली कोलॅजनच्या जाळ्यात बसलेल्या लाल गाठी दिसतात की सर्वत्र पसरलेला लाल भुगा, हे नीट पाहावे, आणि अस्थिजनक पूरके घातलेली पण पेशी नसलेली एक प्लेट तुलनेसाठी नेहमी सोबत ठेवावी.