देव शनिवारी, दर्या रविवारी: शिरोडा-वेंगुर्ला सहलीला येणाऱ्यांसाठी माहिती

आमच्याकडे सहलीची चौकशी करणाऱ्या बहुतेक मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "रेडीचा गणपती, आरवलीचा वेतोबा आणि रापण, एका दिवसात होतंय की हो. मुक्काम कशाला?" बेळगावातल्या शहापूर, वडगाव, टिळकवाडीतून, खानापूरहून, अगदी निपाणीहूनही हाच प्रश्न येतो. फोनवर दोन मिनिटांत त्याचं उत्तर पुरं होत नाही आणि अर्धवट उत्तरानं गैरसमज वाढतो, म्हणून हे माहितीपत्रक काढलं आहे. नोंदणी करण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकदा वाचावं.

बेळगाव ते वेंगुर्ला हा रस्ता आपल्याला नवा नाही. रेल्वे यायच्या आधी बेळगावचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचा आणि घाट चढून इकडे यायचा. आजही कॅम्पातल्या बाजारात बांगडा घेताना आपण "वेंगुर्ल्याचा की कारवारचा?" असं विचारतोच. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. शिनोळीला हद्द ओलांडायची, चंदगड तालुक्यातून आंबोली, घाट उतरून सावंतवाडी, तिथून मळेवाडमार्गे शिरोडा. नकाशावर हे तीन-साडेतीन तासांचं काम दिसतं, म्हणून लोकांना वाटतं की रविवारी पहाटे निघालं की झालं.

इथेच वेळ हातचा जातो.

रापण म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असेलच, तरी ती कशी चालते ते सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही. लांबच लांब जाळं होडीत भरून किनाऱ्यावरून आत न्यायचं, अर्धगोल फिरवत पाण्यात सोडायचं आणि दुसरं टोक पुन्हा किनाऱ्याला आणायचं. मग दोन्ही टोकांच्या दोरांना दोन तुकड्या लागतात आणि ओढायला सुरुवात होते. माणसं पाय वाळूत रोवून पाठीमागं सरकत ओढतात. शेवटचा माणूस मागं पोचला की दोर सोडून पुढं पाण्याकडं जातो आणि पुन्हा धरतो. दोर जसजसा बाहेर येतो तसतशा दोन्ही तुकड्या किनाऱ्यानं एकमेकींकडं सरकतात. जाळं जवळ आलं की घारी आणि बगळे वर घिरट्या घालू लागतात आणि शेवटच्या वावभर पाण्यात तारले, पेडवे, बांगडे उसळताना दिसतात. या सगळ्याला दोन-दोन तास, कधी त्याहून जास्त लागतात. हे काम बहुतेक वेळा पहाटे, उजाडता उजाडता सुरू होतं. वाऱ्याचा रंग आणि पाण्याची ओढ पाहून ते कधी करायचं हे गाबीत मंडळी, म्हणजे तिथला मच्छीमार समाज, ठरवतात, आपण नव्हे.

आता रविवारी पहाटेचा हिशेब करू. पाचला निघायचं ठरलं तरी शहापुरातली माणसं गोळा करून, वडगावात एक आजी राहिल्या म्हणून थांबून, गाडी प्रत्यक्षात सहाला हलते. आंबोलीला चहा आणि भजी झाल्याशिवाय घाट उतरायला कोणी तयार नसतं, आणि त्यात चूक काही नाही, आंबोलीला थांबावंसं वाटतंच. घाटात मुलांना मळमळतं म्हणून एकदा थांबावं लागतं. शिरोड्याच्या वाळूत पाय ठेवेपर्यंत दहा वाजतात. तोवर मासळीचा लिलाव होऊन टोपल्या टेम्पोत चढलेल्या असतात, जाळं उन्हात पसरलेलं असतं आणि पहाटेपासून राबलेली माणसं भाकरी खायला घरी गेलेली असतात. मग "आम्हाला रापण दाखवली नाही" ही तक्रार येते.

म्हणून आम्ही शनिवारी दुपारी, जेवण करून साडेबाराला निघतो. चार-साडेचारला शिरोडा, तिथून आधी रेडी. रेडीचा द्विभुज गणपती 1976 साली तिथल्या खाणीच्या मातीत सापडला. मूर्ती मोठी, दोन हातांची, समोर उंदीरही मोठा. तिथून मागं येऊन दिवेलागणीला आरवलीला वेतोबाचं दर्शन. वेतोबा हा गावाचा राखणदार, रात्री गावभर फिरून राखण करतो अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. म्हणून त्याला भलीमोठी चामडी पायताणं वाहतात. जुनी पायताणं झिजलेली दिसतात, ती जवळून पाहून घ्या. केळीचा घडही वाहतात. नवस बोललेला असेल तर घड बेळगावहून आणायची गरज नाही, तिथंच मिळतो, आणि गाडीत घड दबून काळा पडतो हे आम्ही बरेचदा पाहिलं आहे.

या क्रमानं आणखी एक अडचण सुटते. "मासे खाऊन देवळात कसं जायचं?" हा दुसरा ठरलेला प्रश्न. आमच्या क्रमात तो उरतच नाही. शनिवारी देवदर्शन आणि शाकाहारी जेवण, रविवारी पहाटे दर्या आणि दुपारी मासळी. शनिवार पाळणाऱ्यांचा शनिवार पाळला जातो आणि रविवारच्या ताटात कुणाला संकोच राहत नाही. एकच दिवस काढला की दर्शन आणि जेवण एकमेकांच्या वाटेत येतात. मग एक आजोबा देवळाबाहेर गाडीत बसून राहतात, सुना उपाशी थांबतात आणि सगळ्यांचा चेहरा पडतो.

मुक्काम आम्ही हॉटेल भरावं म्हणून ठेवलेला नाही. किनाऱ्यालगतच्या घरगुती सोयीत राहायचं, जेवण गाबीत कुटुंबांकडं. पैसे त्याच घरी जातात. रात्री कुळथाची पिठी, भात, पापड. रविवारी दुपारी तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, भाकरी, सोलकढी. मोठ्या हॉटेलात मिळणारी तळलेली सुरमई इथं मिळेलच असं नाही. त्या दिवशी किनाऱ्यावर जे आलं ते ताटात येतं. ज्यांना हे नको असेल त्यांनी आधी सांगावं, त्यांची वेगळी सोय करू.

रापण दिसेलच का?

खात्री कुणीच देऊ शकत नाही आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मासळीचा थवा किनाऱ्याजवळ नसेल, वारा फिरला असेल, गावात कुणी वारलं असेल, तर जाळं पाण्यात पडत नाही. आम्ही आदल्या संध्याकाळी तिथल्या मंडळींशी बोलतो आणि त्यांच्या सांगण्यावरून पहाटे कुठं उभं राहायचं ते ठरवतो. रापण नसेल तर वेंगुर्ल्याच्या जेटीवर होड्या लागताना आणि लिलाव होताना दाखवतो, किंवा खाडीत नेतो.

खाडीसाठी मात्र भरती-ओहोटी बघावीच लागते, आणि हा हिशेब तुम्हालाही घरबसल्या करता येतो. दिनदर्शिकेत तिथी बघा, तिची पाऊणपट करा, भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पंचमीला पावणेचार. वेंगुर्ल्याकडं भरती या हिशेबापेक्षा थोडी अगोदर येते एवढं धरून चला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्तच उतरतं. ओहोटीच्या वेळी खाडीतली होडी गाळाला टेकते. पण त्याच ओहोटीत बायका गुडघाभर पाण्यात उतरून पायाच्या बोटांनी गाळ चाचपत खुबे आणि मुळे ही शिंपल्यांतली मासळी काढत असतात, आणि ते बघण्यासारखं असतं. एकाच सकाळी खाडीत होडी आणि मुळे काढणं, दोन्ही हवं असं कुणी म्हटलं तर ते पाण्याला मान्य होत नाही.

जून-जुलैमध्ये ही सहल आम्ही काढत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते, दर्या खवळलेला असतो. त्या दिवसांत ताटात येणारा मासा बहुधा बर्फातला. आंबोलीचे धबधबे बघायचे असतील तर खुशाल जा, तो प्रवास वेगळा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की हळूहळू काम सुरू होतं, आणि आमच्या मते ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला.

किनाऱ्यावर कसं वागायचं

हे थोडं कडक लिहितो, कारण तिथली माणसं आम्हाला पुन्हा बोलावतात की नाही हे यावर ठरतं. पसरलेल्या जाळ्यावरून चालू नका, ओलांडू नका, आणि होडीत चढायचं झालं तर चप्पल खाली काढा. जाळं आणि होडी हे त्यांचं पोट आहे. दोराला हात लावायची इच्छा असेल तर विचारून लावा, पण मग बाकीच्यांबरोबर ओढा. फोटो काढून झाला की मध्येच हात सोडला तर तो भार पुढच्या माणसावर येतो आणि ओल्या दोरानं हात सोलतात. लहान मुलांना दोरापासून चार हात लांब ठेवा. दोर ओढणाऱ्याच्या हातावर चार मासे ठेवायची तिथं रीत आहे, पण आपण होऊन मागू नये.

लिलाव चालू असताना मधे जाऊन "ही टोपली कितीला?" असं विचारू नका. बोली संपू द्या. आलेला पैसा जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा करून त्याच वाळूत वाटला जातो, त्यात घासाघीस करायला बाहेरचा माणूस आला तर त्यांना ते रुचत नाही. लिलावानंतर बायका पाट्या घेऊन बसतात, तिथं हवं तेवढं घ्या.

आणि एक ऐका. या मंडळींनी पर्ससीन जाळ्यांविरुद्ध, म्हणजे यांत्रिक होड्यांतून अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांविरुद्ध, बरीच वर्षं झगडा केला, 2016 साली महाराष्ट्र सरकारनं त्या जाळ्यांवर निर्बंध आणले, आणि तरीही किनाऱ्याजवळ मासळी कमी येते असं ते सांगतात. जाळं जवळजवळ रिकामं आलेली सकाळ तुमच्या नशिबी आली तर "एवढंच?" असं मोठ्यानं म्हणू नका. त्या दिवशी त्या घरांत किती पैसे जाणार नाहीत हे तिथं उभ्या प्रत्येकाला माहीत असतं.

घरी नेण्यासाठी मासळी घेणाऱ्यांसाठी बर्फाची थर्माकोलची पेटी आम्ही देतो, तिचे पैसे वेगळे. पिशवीतला मासा गाडीत सीटखाली ठेवायला परवानगी नाही. पाण्याचा वास चार दिवस जात नाही आणि पुढची मंडळी देवदर्शनाला निघालेली असतात. पेटी मागच्या डिकीत, बर्फ सावंतवाडीला पुन्हा भरतो, रात्री बेळगावात मासा ताठ उतरतो.

बाकीचे प्रश्न थोडक्यात

"सकाळी सौंदत्ती, संध्याकाळी समुद्र" अशी मागणी पौर्णिमेच्या आसपास हमखास येते. यल्लम्माचा डोंगर बेळगावच्या पूर्वेला, समुद्र पश्चिमेला. दोन्ही दिवस गाडीत जातील. सौंदत्तीची आमची वेगळी एका दिवसाची गाडी असते, ती घ्या.

आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. त्यामुळे ती जाहीर होईपर्यंत आम्ही नोंदणी घेत नाही, आगाऊ पैसेही नाही. त्या गर्दीत रापण जोडायची मागणी करू नका.

गोकर्ण-कारवार हवं असेल तर ती तीन दिवसांची सहल. तिथं महाबळेश्वराच्या गाभाऱ्यात जाताना पुरुषांना शर्ट काढावा लागतो, धोतर किंवा लुंगी सोबत ठेवावी. तिकडच्या किनाऱ्यावर अशाच जाळ्याला रामपणी म्हणतात, ओढायची पद्धत तीच.

मिठागरं बघायची का, असंही विचारतात. शिरोड्याला 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला. वाट वाकडी होत नाही, रविवारी परतीच्या वाटेवर दहा मिनिटं थांबतो. वेंगुर्ल्याची डच वखार बाहेरूनच दाखवतो.

आमच्या गाड्यांना ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे, हद्दीवर वेगळे पैसे मागितले जात नाहीत. शेजाऱ्याची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते हे खरं, पण ती भाड्यानं नेणं कायद्यात बसत नाही आणि घाटात काही झालं तर विमा मिळायला अडचण येते.

नोंदणी करताना चार गोष्टी सांगा: किती माणसं, त्यात साठीच्या पुढची आणि दहाच्या आतली किती, मासे न खाणारे किती, आणि घाटात कुणाला त्रास होतो का. माणसं वाढणार असतील तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा, कारण शिरोड्याच्या घरी सामान शुक्रवारी भरलं जातं आणि आयत्या वेळी दोघं वाढली की तिथल्या बाईंना स्वतःचं ताट बाजूला ठेवावं लागतं. मुक्कामासाठी प्रत्येकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स लागते, लहान मुलांचीसुद्धा. शनिवारी सव्वाबाराला ठरल्या ठिकाणी उभं राहा, गाडी साडेबाराला सुटते. रविवारी पहाटे साडेचारला दारावर टकटक होईल. रात्री पत्ते लवकर आवरा.