छातीचा भौतिकोपचार, सिस्टिक फायब्रोसिसमधील

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकारात श्वासनलिकांत साचणारा चिकट कफ सुटा करून बाहेर काढण्याच्या पद्धती. सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर जनुकातील (शोध १९८९) दोषामुळे क्लोराइड व बायकार्बोनेट यांचे वहन बिघडते, नलिकांच्या अस्तरावरील द्रव आटतो आणि अडकलेल्या कफात जंतू वाढतात. मूळ बिघाड द्रव आटण्याचा की बायकार्बोनेटच्या अभावाचा, यावर मतभेद आहेत. दोन्ही जोडीने घडतात हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

विशिष्ट स्थितीत निजवून कफाचा निचरा करण्याचे श्रेय बहुधा लंडनचे विल्यम युअर्ट (१९०१) यांना देतात. तथापि जर्मन वैद्य हाइन्रिख क्विंके यांनी १८९८ च्या सुमारास श्वासनलिका-विस्फारावर असाच उपाय वर्णिला असल्याने अग्रमान त्यांचा मानावा. डोरोथी अँडरसन यांनी प्रस्तुत विकाराचे सविस्तर वर्णन केले ते १९३८ मध्ये, म्हणजे तंत्र रोगाच्या ओळखीहून जुने आहे. तान्ह्या मुलांचे डोके खाली करून पाठ थोपटण्याची रीत आता मागे पडली आहे. तीमुळे जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढते.

आजची भिस्त श्वासावर आहे. छाती फुगवणारे दीर्घ श्वास घेऊन थांबले असता हवा शेजारच्या वायुकोशांतून कफामागे पोचते. मग तोंड उघडे ठेवून, आरशावर वाफ धरावी तसा, जोरकस उच्छ्वास सोडतात (हफ). मध्यम श्वासानंतरचा लांब हफ बारीक नलिकांतला कफ हलवतो, पूर्ण श्वासानंतरचा आखूड हफ मोठ्या नलिकांतला. उच्छ्वासाला रोध करणारे दाबाचे मुखवटे व छाती हलवणारी कंपन-जाकिटेही वापरात आहेत. कोणतीही एक पद्धत निर्विवाद श्रेष्ठ ठरलेली नाही.

मराठवाड्याच्या दृष्टीने हा मुद्दा मोलाचा आहे. उपचार रोजचा असल्याने तो घरीच व्हावा लागतो. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात दररोज खेपा घालणे गावाकडच्या कुटुंबाच्या आवाक्यात नसते. बीड, धाराशिवकडून दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या घरांतील मुलाला यंत्राविना, फडाकडेच्या कोपीतही करता येणारा हफच शिकवावा. सततचा खोकला व खंगणे पाहून क्षयाचा संशय येतो. मात्र तपासणीत घामातील क्लोराइड लिटरमागे ६० मिलिमोल किंवा अधिक भरल्यास हा विकार संभवतो. चाळीस अंश ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात घामावाटे मीठ फार जाते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने मीठ-पाणी वाढवणे अत्यावश्यक.

श्वासनलिका रुंदावणारे औषध व तीव्र मिठाच्या पाण्याचा श्वासावाटे घ्यायचा फवारा उपचाराआधी देतात. फवाऱ्याचे प्रतिजैविक कफ निघाल्यानंतर.