संदर्भनिर्देश, मानसशास्त्रातील : लेखक-वर्ष पद्धती

संशोधनलेखात दुसऱ्याचा विचार, निष्कर्ष, चाचणी किंवा शब्द वापरला, की तेथेच लेखकाचे आडनाव व प्रकाशनवर्ष द्यायचे आणि पूर्ण तपशील शेवटच्या वर्णानुक्रमी संदर्भसूचीत नोंदवायचा, अशी ही पद्धती. मानसशास्त्रात ती अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या (एपीए) प्रकाशन-नियमावलीतून रूढ झाली. निष्कर्ष केव्हाचा आहे हे वाचकाला वाक्यातच दिसते. प्रयोगाधिष्ठित विषयांनी तळटिपांऐवजी ती स्वीकारण्यामागे हे एक कारण असावे.

उगम : लेखक-वर्ष पद्धतीला ‘हार्वर्ड पद्धती’ असेही म्हणतात. या नावामुळे ती त्या विद्यापीठाने ठरवून घडवली असा समज होतो, त्याला आधार नाही. उपलब्ध पुरावा प्राणिशास्त्राकडे नेतो. हार्वर्डमधील ई. एल. मार्क (१८४७–१९४६) यांनी १८८१ मध्ये लिमॅक्स या कवचहीन गोगलगाईच्या अंड्यांच्या विकासावर दीर्घ लेख प्रसिद्ध केला. त्यात कंसात नाव व वर्ष येते आणि हा निर्देश कसा वाचावा हे सांगणारी टीपही आहे. एली चेर्निन यांनी १९८८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याकडे लक्ष वेधले. मार्क यांना ही कल्पना स्वतः सुचली, की तेथील तुलनात्मक प्राणिशास्त्र संग्रहालयाच्या ग्रंथालयातील नोंदपद्धतीवरून, याचा निकाल लागलेला नाही. वाचकांसाठी स्वतंत्र टीप द्यावी लागली, यावरून पद्धती तेव्हा अपरिचित होती एवढे म्हणता येते. म्हणून मार्क हे ‘जनक’ म्हणण्यापेक्षा त्यांच्या लेखातील वापर हा ज्ञात वापरांपैकी सर्वांत जुना, असे म्हणणे सुरक्षित.

एपीएचे नियम १९२९ मध्ये सायकॉलॉजिकल बुलेटिनमध्ये अवघ्या सात पानांत आले. नियमावलीची पहिली आवृत्ती १९५२ ची. सातवी आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये बाजारात आली, पण तिच्यावर वर्ष २०२० आहे. निर्देशात २०२० च द्यावे. फ्रॉइड यांच्या स्वप्नमीमांसेचेही असेच आहे : ग्रंथ नोव्हेंबर १८९९ मध्ये निघाला, छापील वर्ष १९००. स्ट्रॅची यांचा इंग्रजी अनुवाद वाचला असेल, तर (फ्रॉइड, १९००/१९५३) अशी दोन्ही वर्षे येतात.

लेखातील निर्देश : दोन लेखक असल्यास दोन्ही आडनावे दर वेळी. तीन किंवा अधिक असल्यास सातव्या आवृत्तीपासून पहिल्याच निर्देशात पहिले आडनाव ‘व इतर’सह. सहाव्या आवृत्तीत तीन ते पाच लेखकांची सर्व नावे प्रथम लिहीत. जुना प्रबंध नमुना म्हणून समोर ठेवला, की ही चूक हमखास उतरते. एकाच कंसात अनेक संदर्भ असतील तर क्रम वर्णानुसार, वर्षानुसार नव्हे, आणि मध्ये अर्धविराम. शब्दशः अवतरणाला पृष्ठांक हवाच. इंग्रजी ४० किंवा त्याहून अधिक शब्दांचे अवतरण अवतरणचिन्हांशिवाय स्वतंत्र परिच्छेदात, अर्धा इंच आत घेतात.

सूचीतील नोंद : तिचे चार घटक म्हणजे कोणी, केव्हा, काय आणि कुठे. उदा., मिलर, जी. ए. (१९५६). द मॅजिकल नंबर सेव्हन, प्लस ऑर मायनस टू : सम लिमिट्स ऑन अवर कपॅसिटी फॉर प्रोसेसिंग इन्फर्मेशन. सायकॉलॉजिकल रिव्ह्यू, ६३(२), ८१–९७. यात नियतकालिकाचे नाव आणि खंडक्रमांक ६३ तिरप्या ठशात. कंसातला २ हा अंकक्रमांक सरळ. लेखाचे शीर्षक सरळ. डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) असल्यास तो पूर्ण दुव्याच्या रूपात, शेवटी पूर्णविराम न देता. ग्रंथाचे प्रकाशनस्थळ सातव्या आवृत्तीने वगळले. वीसपर्यंत लेखक असतील तर सर्वांची नावे. त्यापुढे पहिले एकोणीस, तीन टिंबे आणि शेवटचा. झोटेरोसारखी संदर्भ जमवून मांडणारी संगणकीय साधने हा सांगाडा उभा करतात, मात्र आयात केलेली माहिती सदोष असेल तर दोष जसाच्या तसा छापला जातो. शीर्षकातला प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू होणे आणि अंकक्रमांक गळणे, हे त्यांपैकी नेहमीचे.

मनोविकारांच्या डीएसएम नियमावलीची लेखकसंस्था अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशन आहे. तिचेही लघुरूप एपीए. दोन्ही संस्था एकाच लेखात येत असतील तर लघुरूप टाळावे.

दुय्यम संदर्भ (मूळ लेखन न वाचता दुसऱ्याच्या लेखनातून घेतलेला) : सर्वांत गंभीर दोष येथे घडतात. वॉटसन व रेनर यांचा बाळात भीती रुजवण्याचा ‘लिटल अल्बर्ट’ प्रयोग (१९२०) मूळात चौदा पानांचा आहे. बेन हॅरिस यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की पाठ्यपुस्तकांनी अल्बर्टचे वय, भीतीच्या वस्तूंची यादी असे तपशील बदलले; काहींनी तर त्याची भीती पुढे घालवली गेली असा शेवटही जोडला. मूळ लेखात तसे काही नाही. मॅस्लो यांचा १९४३ चा लेख गरजांच्या पिरॅमिडसाठी सर्रास उद्धृत होतो. त्या लेखात पिरॅमिड नाही. म्हणून मूळ लेख मिळवून वाचावा. मिळालाच नाही, तर ज्या पुस्तकात उल्लेख वाचला तेच सूचीत द्यावे आणि मजकुरात ‘मधून उद्धृत’ असे स्पष्ट लिहावे. न वाचलेला मूळ लेख सूचीत घालणे हा गैरप्रकार होय. कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेल्या संदर्भांचा डीओआय उघडून पाहिल्याशिवाय ते घेऊ नयेत. नाव, वर्ष, खंड सर्व जुळल्यासारखे वाटूनही काही वेळा लेख अस्तित्वात नसतो.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार इतरांच्या लेखनाशी असलेल्या १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर असे पुढचे स्तर आहेत. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात.

मराठी लेखन : देवनागरी सूचीसाठी एपीएचे स्वतंत्र नियम नाहीत. मराठी व इंग्रजी नोंदी वेगवेगळ्या गटांत, मराठी नोंदी वर्णमालेच्या क्रमाने देणे सोयीचे. ‘तत्रैव’ ही तळटिपांची खूण लेखक-वर्ष पद्धतीत चालत नाही; नाव-वर्ष पुन्हा लिहावे. इंग्रजी लेखात मराठी ग्रंथ घेताना शीर्षक रोमन लिपीत आणि त्यानंतर चौकटी कंसात इंग्रजी अर्थ देतात. लेखकाचे आडनाव आधी, मग स्वतःच्या व वडिलांच्या किंवा पतीच्या नावाची आद्याक्षरे. ग्रंथावर मधले नाव छापलेले नसेल तर ते अन्य ठिकाणाहून आणून भरू नये.